वाफे पंधरा, घरं किती?

—नाही नाही साहेब, तिकडून नको, चिखल आहे, बूट खराब होतील तुमचे. इकडून या. हं, मोजा आता. पंधरा वाफे, पंधरा घरं – एक घर जरी कमी भरलं तरी बाग बंद आणि जागा पार्किंगला, नोटिशीत लिहिलंय तुमच्या, पाठ झालीय मला. हा पालक डॉक्टरीणबाईंचा. ही वांगी ड्रायव्हरकाकांची. कुठं आहेत म्हणजे? येतील की! कामाची माणसं ती, बागेत काय दिवसभर बसणार? मी? मी आपली शिवणकाम करणारी, ते समोरचं दुकान माझं, कोपऱ्यातला घेवडा तेवढा माझा. थांबा हं, पाईप सरकवते, पाणी फुकट चाललंय – माझा मेलीचा एका जागी पाय ठरत नाही. आमचे हे म्हणायचे, हिला खुर्चीला टाचून ठेवा कुणीतरी. म्हणायचे. आता नाही म्हणत.

काय बघताय? गाठी? हो, चिंध्यांनीच बांधलेत सगळे टोमॅटो, दुकानातली कातरणं, मीच वाटते सगळ्यांना. गाठ पण सारखी? असेल – मीच शिकवली ना! आणि विटांवर काय? खडूच्या खुणा? कुठं... अगं बाई. पुसायच्या राहिल्या. दर चार बोटांवर खूण, मग बी – काजं आखतात ना, तसं. हात ऐकत नाही हो, तीस वर्षांची सवय. पंधराही वाफ्यांवर आहेत? असणारच. पंधराही माझेच आहेत. घ्या, सुटले एकदाची.

तसं नव्हतं हो आधी! आमचं घर सोडून चौदा दारं ह्यांनी ठोठावली, एकेकाला हाताला धरून खाली आणलं. पहिल्या महिन्यात काय उत्साह! नवी फावडी काय, फोटो काय. मग एकाची बदली झाली, एकीची कंबर धरली, बाकीच्यांना वेळ नाही. आणि त्यातच ह्यांचं अर्धं अंग गेलं. वाचाही गेली. ती खिडकी, चौथ्या मजल्यावरची – बघू नका ना वर! दिवसभर तिथं बसतात, बागेवर डोळे लावून. रिकामी बाग कशी दाखवू त्यांना? सांगा ना, कशी दाखवू?

मग मी निळा कोट शिवला – डॉक्टरीणबाई. ढगळा शर्ट आणि टोपी – ड्रायव्हरकाका. दुकानात कपडे बदलायचे नि मागच्या दारानं इकडे यायचं. चौथ्या मजल्यावरून तोंड थोडंच दिसतं? कपडे दिसतात, आणि कपडे तर मला शिवता येतात! दिवसाकाठी पाच-सहा जणं होते मी. काकांसारखी लंगडतेसुद्धा. मग वर जाऊन सांगायचं, आज अमके आले होते, तुमची चौकशी करत होते. ऐकून घेतात. एक हात चालतो त्यांचा, पण खाली कुणाला म्हणून कधी हात हलवला नाही. रुसले असतील, असं वाटतं – वर भेटायला येत नाही ना कुणी.

हसा, हसा. आणि लिहा, घर एकच. पण माझं एक ऐका साहेब, पाया पडते तुमच्या – पाच मिनिटं त्या सातव्या वाफ्यात वाका. माणसासारखे. म्हणजे तुम्ही माणूसच आहात, मला तसं नव्हतं म्हणायचं... हं, असे. हे खुरपं घ्या. तण काढा थोडं. अहो, तो मुळा आहे, तण नव्हे! असू द्या, असू द्या, उपटा. छान दिसतंय.

आता काय झालं? वर नका बघू म्हटलं ना – कोण? हात हलवताहेत? कुणाला?

तुम्हाला.

दोन वर्षं झाली, साहेब. निळा कोट, टोपी, ते लंगडणं... एकदाही नाही. आणि तुम्ही आज पहिल्यांदा आलात नि – म्हणजे त्यांना पहिल्यापासून... मी खाली लंगडत होते, आणि ते वरून मलाच... रोज... आणि मी वर जाऊन सांगत बसायची, काका चौकशी करत होते! आणि हे मान हलवायचे!

उठा. झालं तुमचं काम. द्या ते खुरपं इकडे. काय लिहायचं ते लिहा – जाताना फाटक तेवढं ओढून घ्या, मला वर जायचंय.