डाव्या पुढच्या दाराची काच

नाव : पोलीस ठाण्याच्या नोंदीप्रमाणे. बाजारात ओळख 'काचवाले काका'.
वय : ५७ वर्षे.
व्यवसाय : मोटारीच्या काचा बसवणे, एकतीस वर्षे.
पत्ता : दाखल्यांच्या कार्यालयासमोरच्या रांगेतले तिसरे दुकान. राहायला दुकानामागच्या गल्लीत, दुसरा मजला.

मी आज शुक्रवारी आपण होऊन ठाण्यात आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही. समक्ष विचारल्यावरून सांगतो ते असे की,

वरील ठिकाणी माझे काचा बसवण्याचे दुकान आहे. मी एकटाच काम करतो. दुकानासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे कार्यालयाचे गाडीतळ आहे. तिथे सावली नाही. एक झाड होते, ते दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना गेले. माझी गिऱ्हाइकेही तिथेच गाड्या लावतात, त्यामुळे कोण आले आणि कोण गेले याकडे माझे लक्ष असते. माझी बायको म्हणते, तुम्हाला माणसांची तोंडे लक्षात राहत नाहीत, त्यांच्या काचा बरोब्बर लक्षात राहतात. ते खरे आहे.

मंगळवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी मी शाळेच्या एका व्हॅनची मागची काच बसवून गाडी ताब्यात दिली. कामाच्या कार्डावर गाडी दिल्याची वेळ लिहायची माझी सवय आहे, कारण चिकटवलेली काच पुरती वाळू दिली की नाही यावरून पुढे वाद होतात. सदर कार्ड मी आज हजर केले आहे. व्हॅन निघाली आणि पाचेक मिनिटांत त्याच जागेवर एक पांढरी चारदारी गाडी येऊन लागली. गाडीतून चाळिशीच्या आसपासचे एक गृहस्थ उतरले. त्यांच्या एका कानाला फोन होता आणि काखेत कागदांची फाईल होती. त्यांनी चालता चालता रिमोटने गाडीला कुलूप लावले व ते कार्यालयात गेले. गाडीच्या मागच्या काचांना काळी फिल्म होती. ते काम माझे नाही, कडेला फुगे होते. मागे कोणी बसले आहे हे मला दिसले नाही. मी ते फुगे पाहिले, मनातल्या मनात नाक मुरडले आणि आत जाऊन हातातले काम धरले.

डबा यायला उशीर झाला म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो आणि बाहेर गेल्यावर मनगटावरच्या, त्यामुळे पुढच्या वेळा मला पक्क्या ठाऊक आहेत. बारा अठ्ठेचाळीसला माझी बायको डबा घेऊन आली. ती गाडीतळातून आडवी येते. डबा खाली न ठेवताच ती म्हणाली, "अहो, त्या पांढऱ्या गाडीत मागे कुणी म्हातारी बाई आहे. काचेला हात टेकून बसलीय. मी हात केला तर हललीसुद्धा नाही."

मी म्हणालो, "डोळा लागला असेल."

ती म्हणाली, "या उन्हात? काचा बंद करून? तुम्ही आधी उठा बघू."

मी हातातला पाना जागेवर ठेवला, हात पुसले आणि गेलो. गाडीपाशी पोहोचलो तेव्हा एकला दहा मिनिटे कमी होती.

फिल्मला डोळे लावून पाहिल्यावर डाव्या बाजूच्या मागच्या आसनावर सत्तरीपुढच्या एक बाई दिसल्या. त्यांचे डोके दाराला टेकले होते व तोंड उघडे होते. मी काच वाजवली, 'आजी, आजी' अशा हाका मारल्या. त्यांच्या पापण्या हलल्या. त्या शुद्धीत होत्या का हे मला सांगता येणार नाही, पण पापण्या हलल्या हे मी पाहिले. मी चारही दारे ओढून पाहिली, चारही बंद होती. मी बायकोला म्हणालो, तू आत जाऊन गाडीवाल्याला हाक मार. ती धावत गेली. तिचे गुडघे दुखतात, तरी धावत गेली.

यानंतर मी काय केले ते साहेबांनी थोडक्यात सांगा म्हटले होते. मला ते थोडक्यात सांगायचे नाही.

मी गाडीभोवती एक फेरी मारली. पुढची मोठी काच दोन थरांची असते, ती तडकते पण खाली पडत नाही, म्हणून ती सोडली. मागच्या मोठ्या काचेत तापवायच्या तारा असतात, म्हणून तीही सोडली. बाई टेकल्या होत्या त्या दाराची काच फोडली तर चुरा त्यांच्या तोंडावर पडणार, म्हणून ती नको. मागच्या दारामागे छोटी तिकोनी काच असते. लोकांना वाटते लहान आहे, हीच फोडावी. पण तीच बाजारात सगळ्यात उशिरा मिळते, गाडी पंधरा-पंधरा दिवस अडकून पडते, म्हणून ती नको. उजव्या पुढच्या दारात आरशाची आणि सगळ्या बटणांची वायर येते. राहिली डाव्या पुढच्या दाराची. ती या गाडीची कुठेही मिळते. सगळी फेरी होईपर्यंत मी गाडीवाल्याची सोय बघत होतो.

मग मी खाली बसून त्या काचेच्या कोपऱ्यावरचा शिक्का वाचला. हल्ली काही गाड्यांना दारातही दोन थरांची काच येते आणि ती अशी फुटत नाही. या गाडीला साधी टफन असते, म्हणजे फुटली की हरभऱ्याएवढे तुकडे होतात ती, हे मला पाठ आहे. तरीही मी शिक्का वाचला.

मग मी दुकानात गेलो. टोकदार पंच, चिकटपट्टीचे रीळ आणि आसनावर टाकायला जुनी चादर घेतली. परत येऊन काचेवर आडव्या-उभ्या पट्ट्या लावू लागलो. काच फोडायची वेळ आलीच तर आधी पट्ट्या मारायच्या, म्हणजे चुरा आत उडत नाही आणि दारात कमी पडतो, हे मी माझ्या वस्तादाकडे शिकलो. एकतीस वर्षांत एकदाही मी पट्ट्या न मारता काच फोडलेली नाही. काचेवर धूळ होती. धुळीवर पट्टी धरत नाही. म्हणून मी खिशातले फडके काढून काच पुसायला घेतली.

तेवढ्यात बायको परत आली. तिने कार्यालयाच्या तळमजल्यावर ओरडून विचारले होते, पण रांग वरच्या मजल्यावर होती, तिथे आवाज पोहोचला नसावा. तिने मला पाहिले आणि म्हणाली, "अहो, काच काय पुसताय? ती बाई मरतेय ना आत!"

एक वाजून एक मिनिटाने मी काच फोडली. एकाच ठोक्यात फुटली. पट्ट्यांमुळे सगळी काच एकसंध खाली बसली, आसनावर एक दाणासुद्धा पडला नाही. त्या क्षणी मला, काम नीट झाले, असे वाटले. हे मला कोणी विचारलेले नाही. मला त्याची लाज वाटते म्हणून सांगतो आहे.

आत हात घालून पुढचे दार उघडले, तिथून मागच्या दाराची खिटी वर केली आणि ते दार बाहेरून उघडले. त्या दाराला लहान मुलांसाठी असते ते कुलूप लावलेले होते. ते लावले की आतून कितीही ओढले तरी दार उघडत नाही. बाईंच्या उजव्या हाताची बोटे आतल्या कडीत अडकलेली होती, ती मी सोडवली. मी आणि बायकोने मिळून त्यांना उचलले व माझ्या दुकानाच्या सावलीत आणले. अंग फार तापलेले होते आणि घाम अजिबात नव्हता. बायकोने पाण्यात भिजवलेली माझी फडकी त्यांच्या मानेला, काखेला लावली. मी रुग्णवाहिकेला फोन केला. बाई एकदाच काहीतरी बोलल्या. बायकोला ते 'झालं का' असे ऐकू आले. मला ऐकू आले नाही.

काच फुटल्यापासून गाडीचा भोंगा वाजत होता, तो ऐकून एक वाजून आठ मिनिटांनी ते गृहस्थ धावत आले. त्यांनी आधी "काच कुणी फोडली?" असे विचारले. कोणीही तेच विचारले असते, मी त्यांना त्याबद्दल नाव ठेवत नाही. मी बोट दाखवले, तेव्हा त्यांनी आईला पाहिले. ते फरशीवर बसले, तिचे पाय मांडीवर घेतले आणि "अगं आई, मी आलो ना, आलो ना मी" असे म्हणत राहिले. नंतर माझ्याकडे बघून म्हणाले, "पाचच मिनिटं झाली हो काका. तिच्याच हयातीच्या दाखल्याची रांग होती. तिला उभं राहवत नाही. नंबर आला की न्यायला येणार होतो. पाचच मिनिटं." ते कुलूप का लावले हेही त्यांनी न विचारता सांगितले. आईला हल्ली भान राहत नाही, चालत्या गाडीचे दार उघडते, म्हणून लावले होते. मला ते पटले.

एक वाजून चौदा मिनिटांनी रुग्णवाहिका आली व दोघांना घेऊन गेली. मी फुटलेल्या दाराला प्लॅस्टिक लावले आणि गाडीवर नजर ठेवली. संध्याकाळी बायको आणि मी दवाखान्यात गेलो, तेव्हा बाई गेल्याचे कळले. तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारले, दहा-अकरा मिनिटे आधी बाहेर काढले असते तर? त्या म्हणाल्या, तसे सांगता येत नाही. मी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा तेच सांगितले. घरी येईपर्यंत बायको माझ्याशी बोलली नाही. रागाने नव्हे, ती रागावली की बोलते.

काल गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास ते गृहस्थ गाडी घेऊन दुकानात आले. दाढी वाढलेली होती. म्हणाले, "काका, आजच्या आज काच बसवून द्या. ते दार बघवत नाही मला."

दाराची काच फुटून आलेल्या प्रत्येकाला मी बसवण्याआधी काही गोष्टी सांगतो, त्या सवयीने त्यांनाही सांगू लागलो. काचेचे बटण दाबू नका, दारात पडलेले तुकडे वर-खाली करायच्या यंत्रात अडकतात आणि मग काचेबरोबर यंत्रही जाते. दार आपटू नका. तुकडे हाताने वेचू नका. काच कोणत्या दाराची, कोणत्या सालच्या गाडीची, हे कोपऱ्यावरचा शिक्का बघून सांगा, नुसती गाडी सांगू नका. दाराचे अस्तर काढून आतला चुरा पुरता ओढून घ्यायला लावा, नाहीतर नवी काच महिन्याभरात ओरखडते आणि पावसाचे पाणी दारात साठते. काच आपोआप वर जाणारी असेल तर बसवल्यावर तिला पुन्हा थांबायला शिकवावे लागते, न शिकवता गाडी दिली तर ती मध्ये आलेल्या बोटावरसुद्धा थांबत नाही. आणि काच कोणी हाताने फोडलेली असेल तर आधी फोटो काढा, पोलिसांना गाडी दाखवा, मगच बसवा, कारण एकदा मी दार साफ केले की तिथे काय झाले होते हे कोणालाच कळणार नाही.

इथे आल्यावर मी थांबलो. मी त्यांना विचारले, "पोलिसांनी गाडी बघितली का?"

ते म्हणाले, "कशाला? पाच मिनिटांचं काय बघायचं? दवाखान्यात मी तसंच लिहून दिलंय."

मी म्हणालो, "पाच नव्हती हो. एक्कावन्न होती. जवळजवळ." मी त्यांना व्हॅनचे कार्ड दाखवले.

त्यांनी ते बराच वेळ वाचले. मग म्हणाले, "अन् त्यातली तुमची किती?"

मी म्हणालो, "अकरा."

ते म्हणाले, "अकरा मिनिटं काय करत होता तुम्ही तिथं?"

मी म्हणालो, "काच पुसत होतो."

त्यांनी मला मारले असते तरी मी काही म्हणालो नसतो. ते तिथल्या स्टुलावर बसले. मी पाणी दिले, ते त्यांनी घेतले. मी त्यांना सांगितले की मी काच बसवणार नाही, दार आहे तसे ठेवणार आणि ठाण्यात जाणार. ते 'बरं' म्हणाले. गाडी माझ्या दुकानासमोर उभी आहे. तिच्या किल्ल्या मी सोबत आणल्या आहेत. दाराला, पट्ट्यांना, मागच्या कुलपाला मी हात लावलेला नाही. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांच्या हातून वेळ मोजायची चूक झाली. माझ्या हातून मोजूनसवरून झाली.

जबाब लिहून घेणारे अंमलदार मला म्हणाले की काका, तुम्ही निदान फोडली तरी, लोक तर बघून पुढे जातात. त्यांचा हेतू चांगला आहे हे मला कळते.

वरील जबाब मला माझ्या भाषेत सावकाश वाचून दाखवण्यात आला. तो मी सांगितल्याबरहुकूम आहे, फक्त काच फोडल्याच्या ठिकाणी 'मी लगेच काच फोडली' असे लिहिले गेले होते. 'लगेच' हा शब्द मी सांगितलेला नव्हता. तो माझ्यासमोर खोडून तिथे 'एक वाजून एक मिनिटाने' असे घातले आहे, आणि बाजूला मी सही केली आहे.