खिंडीतली पलटण

सचिव : राजदूतबाई बाहेर बसल्यात, साहेब. चहाला हातही लावला नाही त्यांनी.

मंत्री : बसू द्या जरा. माझ्या कालच्या सभेवरून त्यांच्याकडे एवढं काय पेटलंय?

सचिव : 'निवडून आलो की खिंडीतली आपली पलटण घरी आणतो,' म्हणालात. त्यांच्या देशाच्या रक्षणासाठी ठेवलेली पलटण आहे ती.

मंत्री : अहो, समोर त्या पोरांच्या आया बसल्या होत्या. विरोधकांनी तेच आश्वासन आधी देऊन ठेवलेलं. मी काय तोंडाला कुलूप लावू?

सचिव : परवा ह्याच खोलीत तुम्ही बाईंना उलटा शब्द दिलात.

मंत्री : आणि तो पाळणार आहे. निवडणूक झाली की सभेतलं कोण विचारतं? बोलवा त्यांना.

(राजदूत आत येतात. सचिव दार लावून घेतात.)

मंत्री : या ताई. रागावू नका. पलटण हलणार नाही.

राजदूत : तुमच्यावर विश्वास आहे माझा.

मंत्री : मग मिटलं की.

राजदूत : सीमेपलीकडच्या शत्रूनंही भाषण ऐकलं. पहाटे त्यांनी रणगाडे नदीपर्यंत आणले. तुम्ही खरंच जाता का, ते बघताहेत.

सचिव : साहेब, पलटण तिथेच राहील असं आत्ताच जाहीर करा.

मंत्री : प्रचार चालू असताना? मी पडेन. आणि जे येतील ते खरोखरच पलटण उचलतील. त्यात ह्यांचं काय भलं?

राजदूत : हेच मी आमच्या सरकारला सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे कोणीही आलं तरी आपण एकटेच.

मंत्री : लेखी देतो. सहीशिक्क्यानिशी. फक्त गुप्त ठेवा.

राजदूत : गुप्त कागदाला शत्रू कसा घाबरणार, दादा?

मंत्री : तुम्ही मला कात्रीत पकडताय.

राजदूत : नाही हो. मी आज काही मागायला आलेच नाही. आमच्या लोकांनी पलीकडे बोलणी सुरू केलीत. खिंडीखालची गावं सोडून द्यायची तयारी आहे. तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून आले.

सचिव : पण तुमचं माहेर तिथलंच ना?

राजदूत : हो. आई अजून तिथेच असते.

मंत्री : मग थांबवा की त्यांना. मतदानापर्यंत कळ काढा. मी शब्द देतो.

राजदूत : कुठला? परवाचा की कालचा?



मंत्री : आईंना तरी तिथून हलवा, ताई. मी गाडी पाठवतो.

राजदूत : सकाळीच फोन केला होता. ती ऐकत नाही. तुमच्या पोरांना रोज दूध घालते. म्हणते, ती मला सांगितल्याशिवाय जायची नाहीत.