बाळांची जागा

नाही, पाणी प्या तुम्ही आधी – उन्हाचे आलात, नगरपालिकेचे ओव्हरसियर असलात म्हणून काय झालं, पाण्याला मी नाही म्हणणार नाही. पण पडीक म्हणू नका. परत म्हणू नका! कालपासून ऐकतेय मी या ओट्यावरून, तुमची माणसं टेप धरून ओरडताहेत – पडीक आहे, सपाट करा. पडीक? गावाच्या बाळांची जागा आहे ती, भाऊ. मोठ्यांना नदीवर नेतात, दात न आलेलं लेकरू कुणी जाळतं का? तुमच्या धुळ्याला काय करतात? पुरतातच ना? मग!

मोतीलाल आबांनी आपल्या शेतातून दिली ती जागा, माझ्या सासूच्या लग्नाआधी, गावात देवीची साथ आली तेव्हा. अर्धी मुसलमानांना कब्रस्तानाला, अर्धी आपल्या लेकरांना. मधे भिंत नाही, एक निंब तेवढा. आणि बापाचा हात चालत नाही म्हणून आपल्या लेकरांचाही खड्डा कब्रस्तानाचे गफूरभाईच खणून देतात, आधी त्यांचे वडील द्यायचे. त्यांच्या बाजूला तुम्ही हात लावला नाही – चौथरे दिसले ना! आपल्या बाजूला काय दिसलं? दगड आणि बाभळीचे काटे. अहो, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून टाकतात ते! आणि नाव कुठून कोरणार – बारसंसुद्धा झालेलं नसतं कितीकांचं.

बगीचा करणार म्हणे. घसरगुंडी, झोके, संध्याकाळी सगळ्यांना बघायला टीव्ही. वा!

पुरावा काय मागता? आम्ही बायका तिथं कधी गेलोच नाही. पुरुषांनी न्यायचं, पुरून यायचं, आंघोळ करायची – झालं. शेजारची इंदिराबाई बाजाराला जाता-येता रस्त्यावरून बघायची, कोपऱ्यातला काळा दगड तिच्या लेकराचा. पलीकडची यशोदाबाई तर मान फिरवून जायची – म्हणजे ठाऊक होतंच ना, कुठं ते! मी विचारलं होतं सासूबाईंना, एकदा जाऊन येऊ का, लांबूनच. ‘बाईमाणूस तठे जात नई व माय,’ म्हणाल्या, आणि माझ्या छातीला फडकं आवळून बांधलं, दूध थांबेना म्हणून...

असू द्या. मी गावाचं सांगत होते.

गावाचं कसलं! ह्यांना म्हटलं, मला नेत नाही तर नका नेऊ, पण माझा फुटका पाटा न्या आणि वर ठेवा. टाकी लावलेला दगड, कुठंही ओळखू येतो. इथून दिसायचा. भांडी घासताना, तांदूळ निवडताना – रोज. आणि काल तुमच्या माणसांनी सगळे दगड उचलून निंबाखाली ढीग घातला, का? तर तुमची चुन्याची फक्की सरळ पडावी! आता कुणाचं कुठं, सांगा ना. सांगा!

परत ठेवायला लावतो म्हणता? कुठं ठेवणार? तुम्हाला ठाऊक आहे? ह्यांनाही नाही आठवणार, एकदाच गेलेले ते. मला ठाऊक आहे. इंदिराबाईचा, यशोदाबाईचा, माझा – इतकी वर्षं दुसरं काय बघितलं मी या ओट्यावरून?

काय? बायका आत जात नाहीत? मला शिकवता?

पेला ठेवा तो खाली. आणि तुमच्या माणसांना ओरडून सांगा, दगडांना हात लावू नका, बाई येतेय. नाही, तुम्ही नका येऊ. सरका.