ऐकण्यापुरता सेट

हातातली शिवणकामं टाकून मावशी बंद पडलेला रेडिओ दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या, पण पुढचं वयस्क जोडपं काउंटर सोडायला तयार नव्हतं.

“हा हातातला डिजिटल सेट स्वस्त आहे, चांगलाही आहे. घेऊन टाका, काका,” दुकानदार म्हणाला.

“पण यावर माझा दादा ऐकू येईल का?”

“मघापासून तेच सांगतोय. डिजिटलमध्येही प्रकार असतात. त्यांचा ज्या प्रकारचा, त्याच प्रकारचा तुम्ही घ्यायचा. त्यांनाच विचारा ना.”

“आमचं बोलणं नाही.”

“आता मी कपाळ बडवून घेऊ का?” बायको म्हणाली. “अहो, बोलायचंच नाही तर सेट हवाय कशाला?”

“बोलायला नकोय, ऐकायला हवाय. तो रोज संध्याकाळी हॅम रेडिओवर मित्रांशी गप्पा मारतो. मी जुन्या सेटवर ऐकायचो. त्याने डिजिटल घेतला आणि माझ्याकडे नुसती खरखर उरली.”

“म्हणजे इतकी वर्षं गच्चीत बसून तुम्ही दादांना ऐकत होता?”

“तू फोन कोणाला लावतेस?”

“वाजतोय. धरा.”

“अगं, पण... हॅलो. दादा, मी बोलतोय. हो, मीच. तुझा तो खोकला गेला का रे?”

“सेटचं विचारा, सेटचं,” बायको पुटपुटली.

दुकानदाराने मावशींना खुणेनेच पुढे बोलावलं.

“होऊ दे त्यांचं,” मावशी म्हणाल्या आणि रेडिओची पिशवी खाली ठेवून स्टुलावर बसल्या.