उजव्या हाताबद्दल

व्यासपीठावर विराजमान असलेले आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले आदरणीय पाळकसाहेब. शेजारच्या चर्चच्या मंडळीतून अगत्याने आलेले पाहुणे. पंचमंडळातले वडीलधारे सदस्य. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या चिटणीसबाई. आणि समोर बसलेल्या माझ्या प्रभुप्रिय बंधुभगिनींनो! मागे दाराशी उभे राहिलेल्यांनाही यात धरलं आहे. पुढे तीन खुर्च्या रिकाम्या आहेत, त्यांनी संकोच न करता यावं. आपणां सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

अध्यक्षांनी मला सात मिनिटं दिली आहेत. मागच्या वक्त्यांना पाचच दिली होती आणि त्यांनी अकरा घेतली. असो. मी घड्याळ काढून समोर ठेवलं आहे.

पाहुण्यांना माझी ओळख नसेल. मी तराजू दुरुस्त करतो. औषधांच्या दुकानातले, सोनारांचे, प्रयोगशाळेतले, काचेच्या पेटीत ठेवायचे नाजूक काटे. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. मोडके काटे उघडले, पुस्तकं आणली, शब्दकोश शेजारी ठेवून वाचली आणि शिकलो. म्हणून इथं मला काटेवाले म्हणतात. माझ्या स्वभावावरूनही म्हणतात असं कानावर आलं आहे. पहिली रांग हसते आहे, म्हणजे खरं असावं.

बाई सव्वीस वर्षं काय करत होत्या? दर रविवारी उपासनेआधी दाराजवळच्या छोट्या टेबलाशी वही उघडून बसायच्या. डाव्या पानावर विनंती, उजव्या पानावर उपकारस्तुती. कुणाची शस्त्रक्रिया, कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाला लागलेली नोकरी. उपासनेत ती नावं त्या वाचत आणि आपण सगळे प्रार्थना करत असू. नियम एकच. नाव एकदा लिहिलं की ते दर रविवारी वाचलं जाणार. थांबवायचं असेल तर ज्याचं नाव, त्यानेच येऊन सांगायचं. बायकोने नाही, भावाने नाही.

चार वर्षांपूर्वी एका काट्याची काच माझ्या हातात फुटली आणि मनगटातली, बोटांना स्पर्श कळवणारी नस कापली गेली. डॉक्टरांनी ती शिवली. म्हणाले, "वाढली तर वाढेल, हळूहळू वाढेल." अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. बंधुभगिनींनो, माझं सगळं काम त्या तीन बोटांत. मिलिग्रॅमचं वजन चिमट्यात धरायचं, तर चिमटाच हातातून निसटायचा. दुकानाला कुलूप लावलं. विचारलं तर सांगायचो, रंगकाम चाललं आहे. आणि हात खिशात. काटेवाल्याच्या हाताला काही कळत नाही, हे एकदा षट्कर्णी झालं की काटा घेऊन कोण येणार?

माझ्या सौभाग्यवतींना हे सोसवेना. त्यांनी मला न विचारता बाईंच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. "माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताबद्दल." एवढंच. बाईंना अपघाताचा पत्ताच नव्हता. त्यांनी चिठ्ठी उजव्या पानावर उतरवली आणि त्या रविवारी खणखणीत आवाजात वाचलं, "आपल्या काटेवाल्यांच्या उजव्या हाताबद्दल देवाचे आभार मानू या." सगळी मंडळी म्हणाली, आमेन.

घरी गेल्यावर मी विचारलं, "अगं, विनंती हा शब्द लिहायला काय झालं होतं?"

"तुमच्या हाताबद्दल मी देवाकडे दुसरं काय मागणार होते? त्याला कळत नाही होय?"

"त्याला कळतं गं. बाईंना नाही कळलं!"

"मग जा आणि सांगा बाईंना."

सांगितलं का? नाही. सात रविवार नाही सांगितलं. लोक दारात मला गाठून हात हातात घ्यायचे. "काय काटेवाले, देवाने जोरात काम दिलेलं दिसतंय!" मी हसायचो. पाववाले काका म्हणाले, "हात गार पडलाय की हो तुमचा." मी म्हणालो, "हवा गार आहे." ते कपाळावरचा घाम पुसत होते.

जन्मभर वजनात केसाचा फरक चालू दिला नाही तो माणूस मी. आणि देवाच्या घरात दर आठवड्याला माझ्या नावावर खोटं वाचलं जात होतं आणि मी आमेन म्हणत होतो.

आठव्या रविवारी अर्धा तास आधी आलो. बाई एकट्याच होत्या, पेनात शाई भरत होत्या.

"बाई, माझं नाव चुकीच्या पानावर आहे."

"अगंबाई! मग कुठल्या पानावर हवं?"

बंधुभगिनींनो, 'विनंतीच्या' हा चार अक्षरांचा शब्द. तो उच्चारायला मला किती वेळ लागला ते मोजलेलं नाही. पण शाई भरून झाली, टोपण लागलं, दौत कपाटात गेली आणि बाई परत येऊन बसल्या. मग मी खिशातून हात काढून टेबलावर ठेवला.

त्यांनी डाव्या पानावर नाव लिहिलं. मी म्हणालो, "आणि ते दुसरं खोडा."

"वाचणं थांबवते, पण खोडू का म्हणून? शंभर माणसांनी सात आठवडे मनापासून आभार मानलेत. मानलेले आभार परत मागायचे? असा ठराव नाही हो आपल्याकडे."

मग उभ्या राहिल्या, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि प्रार्थना केली. दोन वाक्यं. मी अचूक सांगतो. प्रकाश पडला नाही, आवाज आला नाही. तीन बोटांना काहीही कळलं नाही. पण मला कळलं. आम्ही दोघं होतो आणि तिसरा कुणीतरी तिथं होता. मला वाटतं, तो सातही रविवार तिथंच होता. मीच हात खिशात घालून त्याच्या पुढून जात होतो.

हात बरा झाला का? पाच महिन्यांनी कप विसळताना अंगठ्याला पाणी कोमट लागलं. मी नळ बंद न करता बायकोला हाका मारत सुटलो. वर्षाने चिमटा धरता आला. मधल्या बोटाच्या टोकाला अजून काही कळत नाही. डॉक्टरांचे उपकार आहेत, व्यायामाचे आहेत. पण वाट पाहण्याचं ते वर्ष मी एकट्याने काढलं नाही, आणि हे श्रेय मी दुसऱ्या कुणालाही देणार नाही.

आता शेवटचं. हे सांगायची परवानगी बाईंकडून मंगळवारी घेतली आहे. पंचांनी बाईंचं काम माझ्याकडे सोपवलं, तेव्हा मी जुन्या वह्या पाहिल्या. तेराशे पन्नास रविवार. बाईंचं स्वतःचं नाव एकदाही नाही. मंगळवारी त्या वही द्यायला आल्या आणि टेबलाच्या अलीकडे, आपण उभे राहतो तिथं, उभ्या राहिल्या.

"काटेवाले, माझं नाव लिहून घ्या. विनंतीत."

"काय झालं, बाई?"

"लेकाकडे निघाले. परकं शहर, ओळखीचं कुणी नाही. या वयात भीती वाटते हो. इथं दर रविवारी देव असा जवळ वाटायचा. तिथं भेटेल ना मला?"

ज्यांनी सव्वीस वर्षं आपल्याला देवाजवळ नेलं, त्या मला विचारत होत्या! मी म्हणालो, "बाई, मला तो या टेबलाशी भेटला. टेबल इथंच राहणार आहे. पण तुम्ही आजारी होतात ते दोन महिने मी या टेबलाशी उभा राहून पाहिलं आहे. नुसतं लाकूड आहे हे. तो तुमच्याबरोबर येत होता, तुमच्याबरोबरच जाणार."

बाई म्हणाल्या, "मग तसं त्याला सांगा की." आणि हात पुढे केला.

मी आयुष्यात कुणासमोर मोठ्याने प्रार्थना केलेली नव्हती. चुकेल म्हणून. त्या दिवशी केली. अडखळलो, एक वाक्य अर्धंच राहिलं, ते बाईंनी पूर्ण केलं.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी दोन मिनिटं जास्त दिली, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्या. रविवारपासून मी अर्धा तास आधी टेबलाशी असेन. नव्या नावांच्या यादीत पहिलं नाव बाईंचं आहे. दुसऱ्या ओळीची जागा कुणासाठी तरी मोकळी आहे.