शोरूमचं कोटिंग आणि घरचं मेण

हॅलो? … हो, आजीच बोलतेय. बोल मयूरी, मिळाली का गाडी? … कसलं कोटिंग? … बरं, शोरूमवालेच लावून देतात. पाच वर्षं रंगाकडे बघायला नको… हो, हो… अगं ऐक ना. ते लावलं की घरी मेण लावून चालतं का? … विचार तिथल्या माणसाला, मी थांबते.

… नाही म्हणतोय ना? वाटलंच.

हळू बोलते हं. तुझे आजोबा सकाळपासून मेणाचा डबा घेऊन बाहेर पायरीवर बसलेत. जुनी धोतरं फाडून फडकी केलीत. पडल्यापासून जिना उतरले नव्हते गं. आज स्वतःहून उतरले. मयूरी सांगलीहून गाडी आणणार, पहिलं मेण मी लावणार, असं चाललंय.

… नाही, तू सांगितलं नव्हतंस, खरंय. त्यांनीच ठरवलं.

… चौऱ्याऐंशी सालापासूनचं आहे ते. दसऱ्याला फियाट आणली, पांढरी. सासूबाईंनी तेलात कुंकू कालवून बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि दिवाळीपर्यंत कुणाला पुसू दिलं नाही. पुसलं तेव्हा लाली रंगात उतरलेली. तेव्हापासून दर रविवारी यांचं मेण. तो डाग काही गेला नाही, पण बाकीची गाडी काचेसारखी. पुढे दहिवडीच्या एकांनी नेली, तेही थक्क झाले. … हो, मीही असायचे ना फडकं घेऊन. आठवड्यात आमचं निवांत बोलणं व्हायचं ते तेवढंच.

… नाही गं, कोटिंग चांगलंच असेल. तुझी गाडी उघड्यावर राहणार, ऊन, पाऊस, पाखरं… कळतं मला. एखादं दार तरी मेणासाठी सोडायला सांग की त्यांना. … हसू नकोस.

थांब हं. अहो, काय म्हणालात? … मयूरी, ऐकलं वाटतं त्यांनी. म्हणतायत, शोरूममध्येच लावून घे. … म्हणतायत, माझा हात थरथरतो, नव्या रंगावर ओरखडे पडतील.

… हो, असंच म्हणाले. मला कधी बोलले नव्हते.

… मयूरी? आहेस ना? … काय, कोटिंग नको म्हणून सांगितलंस शोरूमवाल्यांना? अगं, पण पाच वर्षं… बरं. बरं. … दोघं मिळून लावाल? … आणि ओरखडे पडले तर?

… पडू देत म्हणतेस? हे तूच सांग त्यांना. माझं खरं मानायचे नाहीत. अहो, घ्या फोन.