परवाचा मुहूर्त

—अगा, उंबरठ्यावरच काहून थांबला? ये नं आत. भूत नाही मी, पाय पाहाय माझे, सरळच आहेत. अन् तो हार ठेव तिथं टेबलावर, दोन्ही हातांनी धरून किती वेळ उभा राहशील. निशिगंधाचा आहे वाटते. चांगला आहे, ताजा आहे, बहिणीसाठी हात आखडता नाही घेतला, एवढं तं कळते मले. बस, चंदू. खुर्ची कूलरसमोर घे. घाम फुटला तुले—मे महिना आहे म्हणा, कोणालेही फुटते. शंभर वर्षं आयुष्य आहे बघ तुले, आत्ता नाव घेतलं अन् आत्ता फाटक वाजलं. माझ्या आयुष्याचं काय? ते मंग सांगते. पाणी पी आधी. असा एकटक नको पाहू, सख्ख्या बहिणीकडं कोणी असं पाहते काय.

आज तिसरा दिवस, म्हणून आला नं? राख सावडाले. पांढरा शर्टही घातला, इस्त्रीचा. वाटलं असन, सौरव टक्कल करून बसला असन, भावनाच्या माहेरचे सतरंजीवर बसले असतीन, आपण जाऊन कोपऱ्यात बसू, म्हणू का आम्हाले उशिरा कळलं. अन् पाहते तं घर रिकामं. सौरव टूरवर आहे, भावना हापिसात गेली, दोघांनाही काही माहीत नाही गा. कोणी मेलंच नाही तं ते घरी काहून बसतीन? बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, तसं झालं तुझं—फक्त बैल अजून गोठ्यातच आहे. हास नं. आधी हासत होता तू माझ्या अशा बोलण्यावर. आता धरमपेठेत कोणी असं बोलत नसन, तुले सवय राहिली नाही.

सांगते, सांगते, तेच सांगून राहिली. तो कडुनिंब दिसते का अंगणातला? त्याच्यावर औंदा कावळ्यानं घरटं केलं. पिल्लं आहेत. मी कपडे वाळू घालत होती, अन् तो मागून आला अन् डोक्यावर बसला, नखं रुतली. इथं, हात लावून पाहाय. नको? बरं. भावना म्हणे, आई, पिल्लांसाठी करतात ते तसं, छत्री घेऊन जात जा अंगणात. खरं असन तिचं. पण आपल्या घरात कावळा डोक्यावर बसला म्हणजे काय, हे तुले का सांगाव लागते? काळ शिवून गेला. अन् त्याच्यावर आपल्या मायचा उपाय एकच—माहेरी सांगावा धाडायचा का बाई गेली. खोटा सांगावा. पण ऐकणाऱ्याले तो खराच वाटला पाहिजे, तिकडं रडारड झाली पाहिजे, मनापासून. काळ ते रडणं ऐकते, समजते का आपलं काम झालं, अन् चालला जाते. मंग लगेच सांगायचं का बाबा खोटं होतं, पुसा डोळे. भावनाले म्हटलं तं ती हासाले लागली. हे आता आउटडेटेड झालं आई, म्हणे, असा फोन केला तं लोकं पोलिसात जातीन. तिच्या हिशेबानं मीच आउटडेटेड. नोटाबंदीनंतरच्या हजाराच्या नोटेसारखी—आहे, पण चालत नाही. वाईट नाही गा ती. वेळेवर गोळ्या देते, वेळेवर चहा देते.

तुले नसन आठवत, तू लहान होता. आपल्या काटोलच्या घरी, विहिरीजवळ, कावळा तुझ्या डोक्यावर बसला होता असाच. मायनं त्याच दिवशी मामाले कार्ड टाकलं, कोपरा फाडून. तेव्हा कोपरा फाटलेलं, मरणाचं कार्ड आलं का घरात घेत नव्हते, अंगणातच वाचून अंगणातच फाडून टाकत. पण कार्ड पोचाले वेळ लागते, अन् घरात रडणारं तं पाहिजे होतं. मंग मायनं मलेही खरं नाही सांगितलं. शाळेतून आली तं म्हणे, चंदू गेला. मी दप्तरासकट खाली बसली. इतकी रडली गा मी का उलट्या झाल्या, ताप चढला—अन् तू मागच्या खोलीत गूळ-भाकर खाऊन राहिला होता, लपवून ठेवला होता तुले. मामा आला तो बिनचपलेचा, सगळी वाट रडत, अन् तुले पाहिलं तं तुले उचलून नाचाले लागला. पण माय म्हणे, मामाचं रडणं उशिरा आलं, काळ त्याच्या आधीच फिरला होता, इंदीच्या रडण्यानं फिरला. मरेपर्यंत सांगत होती, इंदे, चंदू तुझ्या रडण्यावर जगला. मी तुले कधी बोलून दाखवलं का? इतक्या वर्षांत? नाही नं. आज निघालं तोंडातून.

तं आता माझं माहेर म्हणजे कोण उरलं? तूच. म्हणून शेजारच्या पार्वतीबाईले म्हटलं, तुम्ही लावा फोन. तिचा आवाजच असा आहे, भाजीचा भाव विचारला तरी वाटते रडून राहिली. लावला तिनं. अन् तुले मंग खरं सांगायचं राहून गेलं—म्हातारी बाई, गडबडली, फोन कटला, पुन्हा लावला तं तुझा बंद. काय? नाही, मी नव्हती तिथं. मी आत होती, मले काय माहीत काय बोलणं झालं. तिनंच सांगितलं का तू पहिले ‘कधी’ विचारलं. अन् मंग चूप झाला. तेवढ्या वेळात मले वाटलं, गळा भरून आला असन त्याचा, आता फुटते बांध, आता रडते—

हं. आता सुटलंच तोंडातून.

होती मी. पार्वतीबाईच्या मांडीवर फोन, स्पीकर सुरू, अन् मी तिच्या बाजूले, तोंडात पदर कोंबून. कावळ्याचं खोटं नाही, कावळा बसला ते खरंच आहे. पण मले ऐकाव वाटलं गा. माणूस मेल्यावर कोण रडते हे त्याले कधी ऐकू येत नाही, मले एक संधी भेटली होती. वाटलं, आपण जाऊ तेव्हा जाऊ, पण चंदू रडते का नाही हे तं कळन. अन् तू काय म्हणाला ते तुले आठवते का? मले आठवते. तू म्हणाला, ‘हिले नेहमी असाच मुहूर्त भेटते काय?’

नको, काही नको बोलू. पाणी पी. पुढचंही मी ऐकलं—उद्या खुशीचं साक्षगंध आहे, व्याही मुक्कामाले आले, बहिणीचं सुतक लागलं तं सगळं मोडन, तुमचा फोन मले आलाच नाही असं समजा, परवा कळवा. घरच्यांना सांगा कोणी फोन करू नका. एवढं बोलला अन् ठेवला. पोरीचा साखरपुडा आहे हे मले असं कळलं. मेल्यावर. जिवंतपणी कोणी सांगितलं नव्हतं. पार्वतीबाई माझ्या तोंडाकडं पाहून राहिली, म्हणे, लावू का परत, सांगू का खोटं आहे म्हणून? मीच हात धरला तिचा. म्हटलं राहू द्या, समोरचा रडल्याशिवाय खरं सांगायचं नसते. नियम आहे तो. मंग ती तुझ्या जागी स्वतःच रडाले लागली बिचारी, पण तिच्या रडण्याचा काय उपयोग, तिले माहीत होतं मी जिवंत आहे.

अन् ‘नेहमी’ म्हणजे काय, तेही समजली मी. तुझ्या धरमपेठच्या घराची वास्तुशांत, अन् त्याच सकाळी आमचे हे गेले. गांधीबागेत दुकानाचं शटर उचलता उचलता बसले खाली ते बसलेच. तुझ्या दारात मांडव, आचारी आलेले, बुंदी पाडून झालेली. तू आला, खांदा दिला, नाही कसं म्हणू. पण परत जाताना या इथं, या पायरीवर, तुझी बायको म्हणाली का ताईंना टायमिंगच नाही. अन् तू गप्प राहिला. त्यानंतर मले एका कार्याले बोलावलं नाही तुम्ही. राखी कुरिअरनं जाते, ओवाळणी मोबाईलवर येते, टिंग करून वाजते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात नं, तो महिना म्हणजे मी झाली तुमच्यासाठी. अगा, मरण का पंचांग पाहून येते? नवरा माझा गेला, अन् चुकीच्या दिवशी गेला म्हणून रागवाले लोकं मले लागले.

घड्याळ नको पाहू. काहून, जेवाले येऊन राहिले का व्याही? थोडंच राहिलं सांगायचं. तूही चुकला असं नाही म्हणत मी, पोरगी तुझी आहे, तिचं सुख पाहाव लागते. कशी दिसत होती खुशी? ... नको, राहू दे, तुले आता सांगता नाही येणार. ऐक. माणूस एखाद्या मोठ्या गोष्टीतून वाचला म्हणजे लोकं म्हणतात नं—काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. मी दोन रात्री त्याच्यावरच विचार करून राहिली. काळ तं आला होता. या दारापर्यंत आला, कान लावून बसला का कुठी रडणं ऐकू येते का. ते नाही आलं. त्याले काय ऐकू आलं? तू म्हणाला ते ऐकू आलं. परवा. उठला अन् गेला. पण तो काम झालं समजून नाही गेला, चंदू, तो तारीख घेऊन गेला. अन् ती मी नाही दिली, पार्वतीबाईनं नाही दिली.

परवा म्हणजे आज.

नाही, घाबरवून नाही राहिली मी तुले. घाबरायचं तं मी पाहिजे. सकाळपासून हा डावा हात जड आहे, खांद्यापासून, पाण्यानं भरल्यासारखा. अन् तो पाहाय, कावळा. रोज कोकलून कोकलून डोकं उठवते, आज सकाळपासून एक शब्द नाही. फांदीवर बसून इकडंच पाहून राहिला. मीही सकाळीच न्हाली. ही साडी ओळखली का? तूच दिली होती भाऊबीजेले, नोकरी लागली त्या वर्षी. असे काठ आता कोणी नेसत नाही, भावना म्हणे आई ही पोतेऱ्याले काढू का, मी म्हटलं राहू दे, लागन कधी. गंगेचा गडू देव्हाऱ्यातून काढून उशाशी ठेवला. किल्ली पार्वतीबाईजवळ दिली. भावनाले काही बोलली नाही, उगाच तिची सुट्टी पडते. यावेळी कोणाच्या मांडवात येणार नाही मी, कोणाची बुंदी वाया जाणार नाही. इतका चांगला मुहूर्त माझ्या कोणत्याच कामाले नव्हता भेटला.

डॉक्टर? कशाले? बस खाली. फोन ठेव तो. हात सोड माझा, चंदू, थंड आहे तं आहे. अन् आता काहून तोंड असं करून राहिला? डोळे पूस. दोन दिवसांआधी यातलं एक टिपूस आलं असतं नं, पार्वतीबाईनं तिथंच सांगितलं असतं का खोटं आहे भाऊ, इंदू इथंच बसली आहे. मी फोन हिसकून घेतला असता तिच्या हातून. दोघंही हासलो असतो. तू शिव्या दिल्या असत्या मले. मंग कदाचित म्हणालाही असता का ताई, उद्या ये, खुशीचं साक्षगंध आहे. मी ही साडी नेसून आली असती. आता रडून राहिला, तं हे वरातीमागून घोडं झालं गा. त्याले आता ऐकू येत नाही. तो ऐकाले नाही आला आज.

मामा बिनचपलेचा आला होता. तू बूट बाहेर काढले ते नीट जोडीनं ठेवले, मी पाहिलं खिडकीतून.

ऊठ. व्याही ताटावर थांबले असतीन, त्यांना काय सांगशील उशीर काहून झाला म्हणून. माझं नाव नको घेऊ तिथं, नव्या सोयरिकीत अपशकून नको. फाटक लोटून घे. अन् चंदू—फोन बंद नको ठेवू आज. पार्वतीबाईचाच येईल. ती खरं बोलून राहिली का खोटं, विचारत बसू नको, अन् ‘कधी’ तं बिलकूल नको विचारू.

हार कुठी घेऊन चालला? राहू दे तो इथंच. निशिगंध आहे, संध्याकाळपर्यंत टिकते.